मोपावर रात्री उतरून पाळोळ्याला स्वतः गाडी चालवत जावं का?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या, त्यांचे यजमान, चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेले सासू-सासरे असे पाच जण गोव्याला येताहेत. विमान रात्री १०.४० ला मोपाला उतरतं आणि हॉटेल पाळोळ्याजवळ घेतलंय. विमानतळावरच सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन थेट हॉटेलवर जायचं आणि तीच गाडी पाच दिवस ठेवायची, असा बेत आहे. यजमानांना गाडी चालवायची बरीच वर्षं सवय आहे. एवढ्या रात्री हा प्रवास सुरक्षित आहे का आणि तयारी काय करावी, हा त्यांचा प्रश्न.

ताई, आधी थेट उत्तर देतो. गाडी अवश्य घ्या, पण त्या रात्री घेऊ नका. मी पूर्वी दाबोळीहून टुरिस्ट टॅक्सी चालवायचो आणि आता म्हापशात गाड्या भाड्यानं देतो. तुम्ही रात्रीच गाडी घेतलीत तर माझ्यासारख्याचा एक दिवसाचा धंदा वाढतो. तरीही सांगतो, पहिला प्रवास दुसऱ्या दिवशी उजेडात करा.

कारण यजमानांच्या हाताला काही कमी आहे असं नाही. नागपूरकर गाडी चांगली चालवतात. पण त्या रात्री पाच गोष्टी एकाच वेळी अंगावर येतील: अनोळखी गाडी, अनोळखी रस्ता, अंधार, पाऊस आणि दिवसभराचा शीण. यातल्या एक-दोन कोणताही बरा चालक निभावून नेतो. पाचही एकत्र आल्या की एखादी छोटी चूक सावरायला जागाच उरत नाही. म्हणून नियोजन करताना किती किलोमीटर जायचंय हे मी दुसऱ्या नंबरला विचारतो. पहिला प्रश्न असतो, किल्ली हातात पडेल तेव्हा किती वाजलेले असतील आणि या पाचांपैकी किती गोष्टी आपल्याला वजा करता येतील.

तुमचंच गणित मांडू. विमान १०.४० ला टेकलं आणि उशीर अजिबात झाला नाही असं धरू, जुलैत तेही दरवेळी होत नाही. लहान मूल आणि वयस्कर माणसं घेऊन उतरणं, बॅगा येणं, बाथरूम, यात सव्वाअकरा-साडेअकरा होतात. गाडीवाल्याचा माणूस शोधणं, कागद, डिपॉझिट, गाडी तपासणं, सामान भरणं यात पाऊणएक तास. म्हणजे तुम्ही विमानतळाबाहेर पडाल तेव्हा बारा वाजून गेलेले असतील. मोपा आहे पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. पाळोळे काणकोणात, दक्षिण टोकाला. मध्ये अख्खा गोवा, शंभर किलोमीटरच्या थोडं वर. पावसात, रात्री, नवख्या माणसाला तीन तास सहज लागतात. पाळोळ्याच्या गल्लीत हॉटेलचं फाटक शोधत फिराल तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतील आणि झोपेचा जोर तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही की गोव्यात विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळीचा, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावर. नवा मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर दोन्हीकडे गोवाच लिहिलेलं दिसतं. तीन अक्षरी कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. हरमल, मोरजी, कळंगुट, म्हापसा या बाजूला राहणार असाल तर मोपा सोयीचा. कोलवा, मडगाव, काणकोण असेल तर दाबोळी. पाळोळ्याला दाबोळीहून साठ-पासष्ट किलोमीटर पडतात. तिकीट बदलता येत असेल आणि दिवसा उतरणारं दाबोळीचं विमान मिळालं, तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी घ्या. अर्धी चिंता तिथेच मिटते. नसेल जमत तर मोपा वाईट नाही, फक्त पहिली रात्र मध्ये काढायची.

ती रात्र मी तुम्हाला पणजीत काढायला सांगेन. मोपाहून पणजी पस्तीस-चाळीस किलोमीटर, जवळजवळ सगळा रस्ता हायवेचा. टॅक्सी करा. विमानतळाच्या आतच प्रीपेड टॅक्सीचे काउंटर आहेत, गोवामाइल्सचं ॲप आहे. ओला-उबर इथे चालत नाही, त्या भरवशावर उतरू नका. पावती घ्या, तिच्यावरचा गाडीचा नंबर पाटीशी जुळवा. बाहेर येऊन ‘साब, टॅक्सी’ म्हणणाऱ्याच्या मागे पार्किंगमध्ये जाऊ नका. दर ठरलेला नसतो आणि तक्रार करायची वेळ आली तर हातात कागद नसतो. पाच माणसं आणि बॅगा असल्यानं मोठी गाडी मागा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही मोपाहून सुटतात, एकट्यादुकट्या माणसाला उत्तम. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन मध्यरात्री बसची वाट बघणं मात्र तुम्हाला नको.

म्हापसा सोडून पणजी सांगण्यामागे एक कारण आहे. सकाळी म्हापशाकडून पणजीत कामाला येणाऱ्यांची रांग पर्वरीला लागते, त्यात तिथे उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून वळसे आणि कोंडी वाढलीय. रात्री झोपायला पणजीत आलात की तो तुकडा टॅक्सीवाल्यानं पार केलेला असतो. सकाळी तुम्ही शहरातून बाहेर दक्षिणेकडे निघता, गर्दीच्या उलट दिशेनं. गाडी हॉटेलवर आणून द्यायला सांगा. पणजीत बहुतेक गाडीवाले आणून देतात, थोडे पैसे लागले तर लागू देत.

गाडी ठरवतानाच दोन गोष्टी विचारा. एक, पाटी कोणती. भाड्यानं स्वतः चालवायला द्यायच्या परवानाधारक गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पिवळी पाटी, काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, ती भाड्यानं देणं बेकायदा. ती स्वस्त पडते, म्हणून लोक घेतात. मग पोलिसांनी अडवलं तर दंड आणि खोळंबा तुमच्या वाट्याला येतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. वयस्कर माणसं आणि मूल बरोबर असताना ही जोखीम कशासाठी?

दुसरी गोष्ट, डिकी. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत सिलिंडर असतो आणि बॅगांना जागाच उरत नाही. सात सीटर घेतली आणि मागची सीट पाडून छतापर्यंत सामान रचलं तर आतल्या आरशात मागचं काही दिसत नाही. पावसात बाजूचे आरसे पाण्यानं भरतात, मग मागून येणारी गाडी कळणार कशी? सामान मागच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंतच ठेवायचं. तुम्हा पाच जणांना, मुलीची सीट धरून, एर्टिगासारखी पेट्रोल गाडी बरी.

मुलीच्या सीटचं आधीच बोलून ठेवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट याशिवाय नेणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे, दंड हजार रुपये. दंडाचं सोडा. मोठ्यांचा पट्टा चार वर्षांच्या मुलीच्या गळ्यावरून जातो, तिथे त्याचा उपयोग होण्याऐवजी इजाच होते. सीट गाडीवाल्याकडे मिळाली तर फोटो मागवा, नसेल तर घरची आणा. आजीच्या मांडीवर बसवून नेणं हा प्रेमाचा प्रकार आहे हे मला कळतं. पण ताशी ४० च्या वेगानं धडक बसली तर आजीच्या हातात तिला धरून ठेवण्याइतकी ताकद नसते, कुणाच्याच नसते. मागे बसणाऱ्या आजी-आजोबांनीही पट्टा लावायचा. पट्ट्याचं कुलूप सीटच्या फटीत दडपलेलं असतं, ते निघण्यापूर्वी वर काढून ठेवायला लावा.

सकाळी गाडी आली की घाई करू नका. गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा, ओरखडे, पोचे, चाकांच्या रिमा, काचा, सगळं. हे पैशांसाठी. जिवासाठी मात्र टायर बघा. कायद्यानं खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल लागतात, पण पावसाळ्यात मी माझ्या गाडीवर तीनच्या खाली टायर ठेवत नाही. खाचांमध्ये बोट घाला. गुळगुळीत लागलं तर गाडी बदलून मागा, भीड बाळगू नका. वायपर पाणी मारून चालवून बघा. काचेवर पट्टे सोडत असेल तर तिथल्या तिथे रबर बदलून घ्या, दोनशे-चारशेचं काम. दोन्ही हेडलाइट, मागचे ब्रेक लाइट, स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना. आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट गाडीत आहेत का बघा. तुमचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं, पण घाटात रेंज नसते, म्हणून कार्ड जवळ असू द्या.

विम्याबद्दल एक प्रश्न हमखास विचारा: इंजिनात पाणी गेलं तर कोण भरणार? साध्या विम्यात ते नसतं. साचलेल्या पाण्यात गाडी घातली, ती बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला की इंजिनाचं काम निघतं आणि बिल तुमच्या नावावर. पाण्याचा तळ दिसत नसेल तर गाडी घालायचीच नाही. फूटभर पाणी लहान गाडीला उचलायला पुरतं, हे ऐकायला खोटं वाटतं, पण खरं आहे.

यानंतर पंधरा-वीस मिनिटं गाडी उगाच चालवायची. मिरामारच्या बाजूचे रस्ते रुंद आहेत. तिथे ब्रेक किती दाबल्यावर लागतो, क्लच कुठे सुटतो, गाडीची डावी कड कुठे येते, हे यजमानांनी अंगवळणी पाडून घ्यावं. एसी, वायपर, इंडिकेटर, काचेवरची वाफ काढायचं बटण, सगळं उभ्या गाडीत एकदा दाबून बघावं. पावसाची सर आल्यावर ही बटणं शोधायची नसतात. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडायची. एसी फार थंड ठेवला तर काचेच्या बाहेरून वाफ धरते, तेव्हा वायपर मारायचा आणि एसी थोडा कमी करायचा. नवखा चालक अशा बाहेरच्या वाफेच्या वेळीही आतून फडक्यानं काच पुसत बसतो आणि तेवढ्यात समोर काही तरी येतं.

आता रस्ता. पणजीहून मेरशी, बांबोळी, आगशी, मग जुवारीवरचा नवा पूल, कुठ्ठाळी, वेर्णा, मडगाव. हा पहिला अर्धा भाग सोपा आहे. जुवारीचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये एका बाजूनं आणि वर्षभरानं दुसऱ्या बाजूनं खुला झाला, एकूण आठ पदरी आहे. उंच तारांचा पूल बघून गाडी हळू करून फोटो काढायचा मोह होतो. पुलावर थांबू नका. जुलैत तिथे आडवा वारा असतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. बांबोळीला हायवेवरच गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, हे लक्षात असू द्या. वाटेत सासऱ्यांना काही त्रास वाटला तर पहिलं मोठं ठिकाण तेच. त्यापुढे मडगावचं जिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेला १०८ आणि पोलिसांसह बाकी सगळ्याला ११२.

मडगावात चहा घ्या, मुलीला उतरवा, वयस्करांना पाय मोकळे करू द्या. रस्त्याचा अवघड भाग याच्या पुढे आहे. कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि मग करमल घाट. राष्ट्रीय महामार्ग ६६ म्हटलं की लोकांना चौपदरी रस्ता डोळ्यासमोर येतो, पण या घाटात तो दोनच पदरी आहे, दोन्हीकडे दाट जंगल, वळणामागे वळण. कारवार, मंगळूरच्या ट्रकांची ये-जा याच रस्त्यानं. पावसात झाडं आणि फांद्या पडतात. दिवसा हा घाट सुंदर आहे, वीस-पंचवीस मिनिटांत ओलांडता येतो, घाबरण्यासारखं त्यात काहीच नाही. रात्री, मात्र, समोरचा ट्रक अप्पर लाइट मारत येतो, ओलं डांबर तो उजेड परत डोळ्यांत फेकतो आणि पांढरी कडपट्टी दिसेनाशी होते. माझ्या गिऱ्हाइकांना मी अंधार पडल्यावर करमल ओलांडू नका असं लिहूनच देतो.

रात्रीचा वेग का कमी लागतो, याचा हिशेब सांगतो, कारण नुसतं ‘हळू चालवा’ म्हटलेलं कुणी मनावर घेत नाही. डिपरवर हेडलाइटचा कामाचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटर पोचतो, धो-धो पावसात त्याहूनही कमी. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दमलेल्या माणसाला समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागतो, म्हणजे पंचवीस मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पस्तीसएक मीटर. एकूण साठ. उजेड मात्र पन्नासलाच संपला होता. तेच ताशी ४० ला सगळं मिळून तीस-पस्तीस मीटरमध्ये आटोपतं. उजेडाच्या आत थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा.

आणि त्या उजेडाच्या टोकाला गोव्यात बहुधा गाय असते. पावसाळ्यात गुरं कोरड्या, थोड्या उबदार डांबरावर येऊन बसतात, कळपानं बसतात. काळी गाय पाठ करून बसलेली असली की तिचे डोळेही चमकत नाहीत. काहीच दिसत नाही, फक्त रस्त्याचा एक तुकडा जरा जास्त काळा वाटतो. पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट उगाच लुकलुकले की वेग कमी करायचा, बहुतेक वेळा तीच असते.

गावातल्या रस्त्यांचं वेगळं. हायवे सोडल्यावरचे शेवटचे पाच-सहा किलोमीटर हे सगळ्यात कसोटीचे, हे उत्तरेत मोरजी-हरमलला आणि दक्षिणेत पाळोळे-आगोंदलाही खरं. रस्ता एका गाडीचा, रहदारी दोन्हीकडून. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपणभिंत, अगदी रस्त्याला चिकटून, वळणावर पलीकडचं काही दिसू देत नाही. दुसऱ्या बाजूला गवत. हे गवत नीट बघा. जुलैत ते रस्त्याच्या पातळीला येऊन हिरवी साइडपट्टी असल्यासारखं दिसतं. खाली दीड-दोन फूट खोल गटार असतं. समोरून बस आली, शहाण्या माणसानं तिला जागा द्यायला डावीकडे घेतली की चाक आत जातं आणि गाडी पोटावर बसते. दर पावसाळ्यात अशा गाड्या काढायला आम्ही दोर घेऊन जातो. समोरून मोठी गाडी दिसली तर आहात तिथेच थांबा. इथल्या बसवाल्यांना रस्त्याची प्रत्येक रुंदी पाठ असते, ते मागे घेतात किंवा हातानं खूण करून काढून देतात. वळणाआधी एकदा हॉर्न द्या. इथे तो शिष्टाचार आहे, कुणी रागावत नाही.

गूगल मॅप दोन मिनिटं वाचवायला तुम्हाला अशाच गल्ल्यांतून नेतो. त्यावर उपाय सोपा आहे. पाळोळे टाकून ‘सुरू करा’ म्हणू नका. मध्ये वेर्णा, मडगाव, बाळ्ळी आणि चावडी (काणकोणचं मुख्य गाव) असे थांबे टाका, म्हणजे तो हायवे सोडणार नाही. काणकोणला पोचल्यावर नवा बगलरस्ता सरळ माशेकडे नेतो. तुम्हाला चावडीकडे वळायचंय, तो फाटा चुकू देऊ नका. चुकलाच तर हायवेवर मागे गाडी घेऊ नका, पुढे जाऊन वळून या. नकाशा आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवा. मोबाइल बघायचं काम ताईंचं, यजमानांचं नाही.

पावसाची सर फारच आली तर थांबा, पण रस्त्याच्या कडेला नाही. पेट्रोल पंप, हॉटेलचं आवार, असं हायवेपासून आत असलेलं ठिकाण बघा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून जायची सवय इथे पाहुण्यांमध्ये फार आहे. त्यामुळे मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय हे कळत नाही. साधे हेडलाइट डिपरवर लावा, तेवढं पुरे. साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर टायर पाण्यावर चढलेत असं समजा: ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढायचा, चाक सरळ ठेवायचं. दोन-तीन सेकंदांत पकड परत येते. हवामान खात्याचा इशारा आदल्या संध्याकाळी बघा. पिवळा असेल तर निघा, केशरी असेल तर हॉटेलला फोन करून रस्त्याचं विचारून निघा. लाल असेल तर पणजीत आणखी एक रात्र काढा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून-जुलैतच येतो, त्यामुळे अशी एखादी रात्र हिशेबात धरूनच या.

हॉटेलचंही एक. पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या झोपड्या पावसाळ्याआधी उतरवतात. तुमचं बुकिंग पक्क्या इमारतीत आहे ना आणि जुलैत ते चालू आहे ना, हे फोन करून विचारा, ॲपवर विसंबू नका. फाटकापर्यंत गाडी जाते का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी गाडी शंभर-दोनशे मीटर आधी ठेवून चालावं लागतं, सासूबाईंच्या गुडघ्यांना ते आधी माहीत असलेलं बरं.

दारूबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो. कायद्याची मर्यादा रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम आहे, पण चालवणाऱ्यानं ती मोजत बसू नये. मडगावात जेवताना एक बिअर घेतली तर काय होतं, असं विचारणारे पुढे करमल घाट आहे हे विसरलेले असतात. ज्याच्या हातात किल्ली, त्यानं हॉटेलवर पोचेपर्यंत सोलकढी घ्यावी. आणि गाडी किनाऱ्यावर वाळूत उतरवू नका, तो गुन्हा आहे, शिवाय भरतीत गाडी रुतते.

सासू-सासऱ्यांची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. मुलीला वळणांवर मळमळत असेल तर बाळ्ळीच्या आधी अर्धा तास काही खायला देऊ नका. खाण्याचा डबा त्या पहिल्या रात्रीसाठी जरूर बांधून आणा, पणजीत बारानंतर साधं वरण-भात मिळेलच याची खात्री नाही.

एवढं सगळं असूनही यजमान रात्रीच जायचं म्हणाले, तर निदान चालकासह टॅक्सी करा आणि तीही मडगावपर्यंतच. मडगावला मुक्काम, सकाळी गाडी तिथे मागवायची. करमल तेवढा उजेडासाठी राखा.

परतीचंही आताच ठरवून टाका, कारण तिथेच लोक घाई करतात. विमान मोपाहून असेल तर पाळोळ्याहून निघायची वेळ मागून मोजा: विमानाच्या दोन तास आधी पोचायचं, गाडी परत करायला अर्धा तास, रस्त्याला पावसात तीन तास, पर्वरीच्या कोंडीला आणखी पाऊण तास. म्हणजे सुटण्याच्या सव्वासहा तास आधी. दुपारी दोनचं विमान असेल तर पावणेआठला चाकं हलली पाहिजेत, तेव्हा उजेडही भरपूर असतो. सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघा, संध्याकाळी पणजीत गाडी परत करून टाका आणि पहाटेची टॅक्सी हॉटेलकडून आधीच सांगून ठेवा. पेट्रोल जेवढं भरून मिळालं होतं तेवढंच भरून द्यायचं असतं, त्यामुळे घेताना काट्याचा फोटो काढायला विसरू नका.